फक्त सिनेमे पाहून 'फॅन' झालेल्यांशी तुम्ही कसे बोलता?

पानपलट्या (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस साचलंय, आज मोकळा होतो. सुपरहिरोंचे सिनेमे पाहणाऱ्यांवर माझा अजिबात राग नाही. मीही पाहतो, पहिल्या दिवशी पाहतो, शेवटची पाटी सरकेपर्यंत खुर्ची सोडत नाही. राग आहे तो सिनेमा पाहून आल्यावर कॉमिक्सवाल्यालाच शिकवायला बसणाऱ्यांवर.

ऑफिसात एक जण परवा म्हणाला, "थॅनॉसचं मला पटतं यार, लोकसंख्या हाच खरा प्रॉब्लेम आहे." (थॅनॉस म्हणजे 'अव्हेंजर्स' सिनेमांतला खलनायक, लोकसंख्या निम्मी करायला निघालेला.) मी म्हटलं, बाबा रे, कॉमिक्समधल्या थॅनॉसला लोकसंख्येचं सोयरसुतक नाही. १९९१ च्या 'इन्फिनिटी गाँटलेट'मध्ये तो निम्मं विश्व नाहीसं करतो ते मृत्यूवर जीव जडलाय म्हणून. मृत्यू तिथे बाईच्या रूपात त्याच्या शेजारी उभी आहे आणि त्याच्याशी चकार शब्द बोलत नाही. चुटकीसरशी अब्जावधी जीव पुसून टाकले तरी बाई ढुंकून बघत नाही! बाजूला सैतान मेफिस्टो उभा राहून "मालक, आता असं करून बघा" म्हणत लोणी लावतोय. जिम स्टार्लिनने काय भन्नाट माणूस उभा केलाय तिथे. सर्वशक्तिमान आणि तरी झुरतोय.

यावर ऑफिसकर काय म्हणाला? "छे, ओरिजिनलमध्ये लोकसंख्याच आहे. तू कुठलं तरी फॅन-फिक्शन वाचलं असशील."

फॅन-फिक्शन! थॅनॉस पहिल्यांदा छापला गेला १९७३ साली. तेव्हा हे साहेब जन्मालाही आले नव्हते.

असे नमुने रोज भेटतात. जार्विस म्हणजे कॉम्प्युटरच (कॉमिक्समध्ये तो हाडामांसाचा बटलर आहे, १९६४ पासून). अल्ट्रॉन हा यंत्रमानव टोनी स्टार्कनेच, म्हणजे आयर्न मॅननेच बनवला (हँक पिमने, म्हणजे पहिल्या अँट-मॅनने बनवला). अव्हेंजर्स कॅप्टन अमेरिकानेच काढले (१९६३ च्या पहिल्या अंकात तो नाहीच, चौथ्या अंकात बर्फात गोठलेला सापडतो. अँट-मॅन आणि वास्प मात्र पहिल्यापासून आहेत).

तर प्रश्न असा, की तुम्हाला असे लोक भेटतात का? आणि तुम्ही काय करता, गप्प बसता की भांडता?

तिरकस_तात्या

मी गप्प बसतो आणि घरी येऊन असा धागा काढतो.

सोलापुरी_चादर

पानपलट्या, +१. माझा पुतण्या वुल्वरीनचा एवढा भक्त की खोलीभर पोस्टर. त्याला सांगितलं, कॉमिक्समधला वुल्वरीन सव्वापाच फुटी आहे, बुटका, केसाळ, अंगावर पिवळा पोशाख. पोरगं हिरमुसलं. "म्हणजे ह्यू जॅकमन चुकीचा?" चुकीचा नाही रे, फक्त एक हात जास्त उंच आहे.

पहिला 'एक्स-मेन' २००० मध्ये आला तेव्हा सगळ्यांना काळं चामडं घातलं होतं आणि पिवळ्या कपड्यांची सिनेमातच टिंगल केली होती. २०२४ मध्ये तोच पिवळा सूट आणला तर थेटरात शिट्ट्या. चोवीस वर्षं आम्ही काय वेगळं सांगत होतो?

गंधार_एस

धागाकर्त्यांशी असहमत. थॅनॉसचा हेतू बदलला म्हणून गळा काढणाऱ्यांना माझा प्रश्न आहे. अडीच तासांच्या सिनेमात, वीसेक पात्रं सांभाळताना, 'मृत्यू ही एक बाई आहे आणि हा तिच्या मागे आहे' हे समजावणार कधी? कॉमिक्समध्ये त्यामागे अठरा वर्षांचा इतिहास होता. सिनेमाने त्याला एका वाक्यात सांगता येईल असं वेड दिलं. वेड चुकीचं आहे हे प्रेक्षकाला कळतं, तरी क्षणभर पटतं. खलनायक म्हणून याहून काय हवं?

आणि दिग्दर्शकांनी पुस्तक वाचलं नव्हतं असंही नाही. कॉमिक्सच्या शेवटी थॅनॉस शेतकरी होतो, त्याचं चिलखत शेतात बुजगावणं म्हणून उभं असतं. 'एंडगेम'मध्ये तेच बुजगावणं आहे. ज्याने वाचलंय त्याला तो नमस्कार पोचला, ज्याने वाचलं नाही त्याचं काही अडलं नाही.

पानपलट्या

गंधार, सिनेमाने बदल केला याबद्दल तक्रार नाहीच हो. धागा नीट वाचा. तक्रार आहे ती "असं काही नाहीच" म्हणणाऱ्याबद्दल. ज्याला माहीत नाही त्याने "हो का?" म्हणावं. दोन अक्षरं आहेत.

तिरकस_तात्या

"हो का?" सगळ्यांना जमलं असतं तर ही साइट कधीच बंद पडली असती.

मधुरा_के

दुसरी बाजू मांडते, कारण इथे सगळे पानपलट्यांच्या बाजूने टाळ्या पिटायच्या बेतात दिसताहेत.

मी कॉलेजात असताना एका कॉमिक्सच्या मेळाव्याला गेले होते. ब्लॅक विडोचा टी-शर्ट घातला होता. एका स्टॉलवर अंक चाळत उभी होते, तर काउंटरच्या मागचा मुलगा म्हणतो, "सिनेमा बघून आलीस ना? बरं, तिचं पहिलं कॉमिक्स कुठलं सांग." मला माहीत नव्हतं. मग त्याने शेजारच्याकडे बघून असं हसू केलं, ते अजून लक्षात आहे. माझ्या बरोबरचा मित्र थॉरचा टी-शर्ट घालून उभा होता, त्याने आयुष्यात एक पान वाचलं नव्हतं. त्याला कुणी काही विचारलं नाही.

हातातला अंक ठेवून दिला आणि निघाले. त्यांचं एक गिऱ्हाईक गेलं. पुढे दोन-तीन वर्षं मी कॉमिक्सच्या वाटेला गेले नाही, नंतर एका मैत्रिणीने 'हॉकआय'चा मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहाचा संच वाचायला दिला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्यातला एक अख्खा अंक कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसांची बोलणी त्याला अर्धीमुर्धी कळतात, बाकी सगळं वासाच्या खुणांनी दाखवलंय. वाचून संपल्यावर मी तो तिथल्या तिथे परत पहिल्यापासून वाचला.

तर प्रश्न फक्त अडाणी सिनेमावाल्यांचा नाहीये. परीक्षा घेणाऱ्यांचाही आहे.

सोलापुरी_चादर

मधुरा, वाचून वाईट वाटलं. त्या स्टॉलवाल्याला धंदा तरी कळायला हवा होता.

अवांतर: तिचं पहिलं कॉमिक्स 'टेल्स ऑफ सस्पेन्स' ५२, १९६४. तेव्हा ती आयर्न मॅनची शत्रू होती, रशियन हेर, काळा पोशाखही नव्हता.

मधुरा_के

चादर, तुम्हीही ना! :ड

रद्दीसम्राट

मी इथला म्हातारा असेन बहुतेक, म्हणून थोडं मागचं सांगतो.

'ओरिजिनल' म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवा. आमची पिढी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढली. मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं, मराठीतही निघायचं. वेताळ म्हणजे आमचा सख्खा. कवटीची गुहा, अंगठीचा ठसा, जंगलातल्या म्हणी. वाड्यातल्या लायब्ररीत दिवसाच्या भाड्याने मिळायचं, पानं सुटलेली, शेवटचं पान हमखास गायब. गुन्हेगार कोण हे आम्ही पोरं आपापसात ठरवायचो.

पुढे कळलं की हाच वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम, १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज तीन-चार चौकटींत येत होता आणि इंद्रजालवाले त्याच पट्ट्या कापून, जोडून बत्तीस पानांत बसवत. काही चौकटी गाळलेल्या. वेताळाचा देश मूळचा बंगाला, तो इथे डेंकाली झाला. सिंग ब्रदरहूडचे चाचे इथे सिंगा झाले, नाहीतर वाचकांतले सिंग कुटुंबीय चिडले असते! म्हणजे आम्ही ज्याला पवित्र मानत होतो तेही कुणीतरी कात्री लावलेलं रूपच होतं. खरा पट्टीवाला वाचक आम्हालाही म्हणू शकला असता, "तुम्ही फक्त इंद्रजालवाले".

म्हणून मी कुणाची शाळा घेत नाही. पण १९९६ चा फँटमचा सिनेमा मात्र पाहवला नाही. जांभळ्या घट्ट कपड्यांत खरा माणूस पाहिला की हसू येतं. कागदावर येत नव्हतं.

ओहायोतला_ओंकार

रद्दीसम्राटांच्या मुद्द्याला माझी भर. कॉमिक्स ही गंगोत्री आणि सिनेमा म्हणजे खालचं गढूळ पाणी, हे मुळातच खरं नाही. उलटं पाणीही भरपूर वाहिलंय.

क्रिप्टोनाइट घ्या. सुपरमॅनचा सगळ्यात मोठा कमकुवतपणा, शेंबडं पोरही सांगेल. तो कॉमिक्सवाल्यांनी आणलेला नाही, १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आला आणि छापील कॉमिक्समध्ये यायला १९४९ उजाडलं. बॅटमॅनची गुहा १९४३ च्या थेटरातल्या सीरियलमधली. त्याचा बटलर आल्फ्रेड तर कॉमिक्समध्ये आधी चांगला गोलमटोल होता, त्या सीरियलमधला नट किडकिडीत आणि मिशीवाला, म्हणून कॉमिक्सवाल्यांनी त्याला बारीक करून मिशी लावली. जोकरची साथीदार हार्ली क्विन १९९२ च्या कार्टूनमधली, पुढच्या वर्षी अंकात. आणि माझा आवडता किस्सा: २००२ च्या 'अल्टिमेट्स'मध्ये चित्रकार ब्रायन हिचने हेरप्रमुख निक फ्यूरीचा चेहरा सरळ सॅम्युएल जॅक्सनचा काढला, आणि सहा वर्षांनी सिनेमात तो रोल जॅक्सननेच केला. आता यात ओरिजिनल कोण, कॉपी कोण?

शिवाय "माझा बॅटमॅन कधी माणूस मारत नाही" म्हणत सिनेमांवर तुटून पडणाऱ्यांनी १९३९ चा पहिलाच अंक काढून बघावा. बॅटमॅन एकाला ठोसा मारून आम्लाच्या टाकीत पाडतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. १९४० मध्ये विमानातून मशीनगन चालवतो. न मारण्याचा नियम नंतर संपादकांनी घातला.

पानपलट्या

ओंकार, प्रतिसाद आवडला. क्रिप्टोनाइटचं माहीत होतं, आल्फ्रेडच्या मिशीचं नव्हतं. बघा, "हो का?" म्हणायला काही लागत नाही.

पण तुमच्याच उदाहरणांवरून एक सांगतो. हे सगळं तुम्हाला माहीत आहे कारण तुम्ही कुठून काय आलं ते शोधलंत. माझा सगळा वैताग तिथेच आहे. सिनेमावाल्याला नटाचं नाव पाठ, दिग्दर्शकाचं पाठ, कुणाला किती कोटी मिळाले तेही पाठ. ज्याने टेबलाशी बसून ते पात्र पहिल्यांदा काढलं त्याचं नाव विचारा, "स्टॅन ली" म्हणतात, म्हणजे मार्वलचा तो प्रसिद्ध लेखक-संपादक. सगळं स्टॅन ली. बॅटमॅनसुद्धा स्टॅन ली!

तिरकस_तात्या

आमच्याकडे एकाने चाचा चौधरीसुद्धा स्टॅन लीला देऊन टाकला होता. प्राणसाहेबांचा आत्मा तळमळला असेल.

खिडकीतला_काका

इतका वेळ नुसता वाचत होतो. पानपलट्यांचा वरचा मुद्दा हाच खरा मुद्दा आहे, थॅनॉसबिनॉस सगळं झूट.

सुपरमॅन घडवणाऱ्या सीगल आणि शूस्टर या दोन पोरांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला विकले. पुढची कित्येक वर्षं कोर्टात गेली. १९७५ मध्ये, सुपरमॅनचा मोठा सिनेमा यायच्या तोंडावर, वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर कुठे त्यांना वर्षाला वीस हजार डॉलरची पेन्शन आणि नाव मिळालं. बॅटमॅनवर बॉब केन हे एकच नाव छापलं जायचं. बिल फिंगरने त्याच्या कपड्यांपासून गॉथम शहरापर्यंत किती घडवलं, पण तो १९७४ मध्ये गेला तेव्हा त्याच्या नावाची पाटी कुठेच नव्हती. ती लागली २०१५ मध्ये. एक्केचाळीस वर्षं.

'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'मधला रॉकेट रॅकून सगळ्यांचा लाडका, बरोबर? १९७६ मध्ये बिल मँट्लो आणि कीथ गिफेन यांनी तो आणला. मँट्लोला १९९२ मध्ये गाडीने उडवलं, मेंदूला मार बसला आणि तेव्हापासून माणूस कायमच्या शुश्रूषेत. २०१४ मध्ये त्याच्यासाठी सिनेमाचा खास खेळ लावला होता, तेवढं बरं केलं. कॅप्टन अमेरिकाचा जुना साथीदार बकी, त्याला विंटर सोल्जरच्या रूपाने परत आणणाऱ्या लेखक एड ब्रुबेकरने जाहीरपणे सांगितलंय की त्याला आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंगला त्याबद्दल आभारांपलीकडे फारसं काही मिळालेलं नाही.

मला सिनेमावाला पोरगा "थॅनॉस लोकसंख्येवाला" म्हणाला तरी चालतो. पण रॉकेट कुणी काढला हे त्याने एकदा तरी शोधावं.

गंधार_एस

काका, _/\_

याला मात्र उत्तर नाही. फक्त एवढंच, की हे कॉमिक्स वाचणाऱ्यांपैकीही किती जणांना माहीत असतं? पानाच्या तळाशी इंकर (चित्रावर शाई फिरवणारा) आणि लेटरर (अक्षरं लिहिणारा) यांची नावं असतात, ती वाचतो का आपण?

चकलीताई

मी तीच, तुमच्या धाग्यातली सिनेमावाली. :) मुलाबरोबर बघायला लागले आणि आता त्याच्यापेक्षा मलाच जास्त नाद लागलाय. कॉमिक्स एकही वाचलेलं नाही, पण कुणाला शिकवायलाही जात नाही हं!

२०२३ च्या 'स्पायडर-व्हर्स'मध्ये तो पवित्र प्रभाकर आणि त्याचं मुंबॅटन बघून आम्ही दोघं खुर्चीतून उडालो. मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, सिनेमावाल्यांनी आपल्यासाठी खास भारतीय स्पायडरमॅन केला. इथले वाचून आता शंका यायला लागली आहे. तोही आधीच कॉमिक्समध्ये होता का? आणि मला सुरुवात करायची तर कुठून करू? किमती बघितल्या तर डोळे पांढरे झाले.

सोलापुरी_चादर

ताई, होता. २००४ मध्ये 'स्पायडर-मॅन इंडिया' नावाने चार अंक निघाले, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचे. मुंबईत राहणारा, वर धोतर-छाप पोशाख, शक्ती एका योग्याकडून मिळते. मेरी जेनची मीरा जैन आणि अंकल बेनचे भीमकाका! खूप भारी आहे असं नाही म्हणणार, पण मुलाला दाखवाच.

तिरकस_तात्या

भीमकाका. बरं झालं 'जबाबदारी मोठी असते' म्हणायला 'बंडूनाना' नाही आणले.

मधुरा_के

या निमित्ताने विषयांतर करते. आपल्याकडे फास्टर फेणेचंही तेच झालंय. माझी भाची म्हणते फास्टर फेणे म्हणजे अमेय वाघ, मोठा माणूस, मेडिकलच्या परीक्षेतला घोटाळा वगैरे. तिला भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या, सायकलवरून सुटणारा शाळकरी पोरगा, सांगितला तर विचारते, "मग मुलाची सुटका कोण करतं, पोलीस नाही?"

रद्दीसम्राट

भाचीला दोष देऊ नका. आमच्या घरात फास्टर फेणे म्हणजे दूरदर्शनवरचा सुमीत राघवन. प्रत्येक पिढीचा आपला. सिनेमात दिलीप प्रभावळकरांना भागवत म्हणून उभं केलंय, म्हणजे निदान लेखक पडद्यावर तरी आला. हॉलिवूडने बिल फिंगरला एवढं केलं नाही.

खिडकीतला_काका

रद्दीसम्राट, क्या बात.

तिरकस_तात्या

ट्टॉक्!

ओहायोतला_ओंकार

गाडी परत रुळावर आणतो. गंधार, "ज्याने वाचलं नाही त्याचं काही अडलं नाही" यावर एक सांगतो. १९७३ चा 'अमेझिंग स्पायडर-मॅन' १२१. पीटरची, म्हणजे स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, पीटर जाळं सोडतो, जाळं तिच्या पायांना पकडतं. वाचक सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तिच्या मानेपाशी चार बारीक अक्षरं दिसतात, 'स्नॅप'. मोठी रंगीत नाहीत, एरवी कॉमिक्समध्ये आवाज असतात तशी. इतकी लहान की पहिल्या वाचनात सुटतात. पीटर आनंदाने तिला वर ओढतोय, आणि तुम्ही मागे जाऊन ती चौकट पुन्हा बघता. तिला पडण्याने मारलं की त्याच्या जाळ्याने? पत्रांच्या पानावर पुढे संपादकांना उत्तर द्यावं लागलं की अचानक बसलेल्या हिसक्याने. म्हणजे त्यानेच.

२०१४ च्या सिनेमात हाच प्रसंग आहे, चांगला केलाय, संगीत, मंद गती, सगळं. पण तिथे तुम्हाला मागे जाता येत नाही. सिनेमा पुढे नेतो. कागदावर मागे जायचं की नाही हे वाचकाच्या हातात असतं, आणि ग्वेनच्या बाबतीत सगळी गंमत, म्हणजे सगळं दुःख, त्या मागे जाण्यातच आहे.

(त्या अंकात लिहिलंय जॉर्ज वॉशिंग्टन पूल आणि चित्र दिसतं ब्रुकलिनच्या पुलासारखं. चूक आमच्याही बायबलात आहे.)

गंधार_एस

ओंकार, मान्य. आज रात्री काढून बघतो ती चौकट.

पानपलट्या

चकलीताईंचा प्रश्न मागेच राहिला. ताई, "पहिल्यापासून वाचा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. साठ वर्षांचे अंक आहेत, मुलाचं लग्न होईल तरी संपणार नाहीत. एक लेखक, एक चित्रकार, एक पूर्ण गोष्ट, असं धरा. माझा सल्ला २०१४ पासूनची 'मिस मार्वल', विलो विल्सन आणि एड्रियन अल्फोना यांची. जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली मुलगी, कमला खान. आईवडिलांशी तिची जी भांडणं आहेत ती वाचून तुम्हाला आपल्याच घरात बसल्यासारखं वाटेल. टीव्हीवरच्या मालिकेत तिच्या हातातून प्रकाश निघतो, कॉमिक्समध्ये ती अंग ताणते, हात ढोलाएवढा मोठा करते. मला कागदावरचंच जास्त आवडतं, कारण वयात येणाऱ्या पोरीला आपलं शरीर आपलं वाटत नाही ते तिथे नुसत्या चित्रात कळतं.

ऑम्निबस, म्हणजे ते सगळे अंक एकत्र बांधलेले जाडजूड ठोकळे, घेऊ नका. एका ऑम्निबसच्या पैशात महिन्याचा किराणा येतो आणि हातात धरून वाचताही येत नाही. पातळ पेपरबॅक घ्या, नाहीतर डिजिटल.

मधुरा_के

पानपलट्या, ऑफिसकरालाही असंच सांगून बघितलं होतं का? 'फॅन-फिक्शन' ऐकल्यावर त्याला 'इन्फिनिटी गाँटलेट' हातात दिलं?

पानपलट्या

माझी प्रत? त्याच्या हातात? चहाच्या टेबलावर? ना.

रद्दीसम्राट

चकलीताई, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात नवं मिळणार नाही, पण रविवारी जुन्या पुस्तकवाल्यांकडे फेरी मारा, अधूनमधून सुटे अंक सापडतात. माझ्याकडे 'मिस मार्वल'चा पहिला खंड दोन प्रती आहेत, एक नातीसाठी घेतली होती, तिने आधीच कुठूनतरी वाचला. व्यनि (खाजगी निरोप) करा, पाठवतो. पोस्टेज तुमचं, परत करायची घाई नाही.

चकलीताई

काका, व्यनि केलाय. मुलगा विचारतोय, इंद्रजालचा एखादा मराठी अंक पण टाकाल का बरोबर, शेवटचं पान असलेला.